वासरांची हगवण थांबत नाही, पुढच्या आठवड्यात दोन गाई व्यायच्या आहेत. सल्ला हवा

नमस्कार मंडळी. वाळवा तालुक्यात आमचा घरचा गोठा आहे. एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) संकरित गाई आणि एक मुऱ्हा म्हैस. दुधाची तक्रार नाही, अडचण वासरांची आहे.

दिवाळीपासून जन्मलेलं प्रत्येक वासरू आठवडा-दहा दिवसांचं झालं की हगवणीला लागतं. आधी पिवळसर पातळ, मग निव्वळ पाणी. डोळे खोल जातात, कान गार पडतात. दोन कालवडी गेल्या. एक वाचली, पण अजून अंग धरत नाही. तिच्या वयाची शेजारची कालवड बघितली की जीव खालीवर होतो. डॉक्टर येतात, इंजेक्शन देतात, कधी गुण येतो, कधी नाही. आणि विकतची दुभती गाय आता लाखाच्या घरात गेलीय, त्यामुळे घरची कालवड वाढवण्यावाचून गत्यंतर नाही.

घरात दोन मतं आहेत. आमचे मामा (सासरे) म्हणतात, वार (वासरामागून पडणारी झिल्ली) पडल्याशिवाय चीक (व्याल्यानंतरचं पहिलं घट्ट दूध) पाजायचा नाही, नाहीतर वार अडकते. वार पडायला कधीकधी सकाळची संध्याकाळ होते, तोवर वासरू तसंच. मग चीक काढला की अर्धा खरवसासाठी आळीत जातो, ती तर रीतच आहे. हगवण लागली की मामा दूध तोडतात आणि पेज पाजतात, म्हणतात दुधानंच पोट बिघडलंय. मला दोन्ही गोष्टी पटत नाहीत. पण या माणसाने जन्मभर जनावरं सांभाळलीत, दुधाच्या पैशावर दोन्ही नणंदांची लग्नं केलीत. त्यांना नुसतं 'तसं नसतं मामा' म्हणून भागत नाही, कारण सांगता आलं पाहिजे.

जागेचंही सांगते. वासरं गाईंच्या मागच्या कोपऱ्यात, मूत वाहायच्या नालीजवळ बांधतो. खाली कोबा, त्यावर उसाचं पाचट. वरून कोरडं दिसतं, हात घातला की खाली ओलं. परवा दावं सोडायला खाली बसले तर डोळे चुरचुरायला लागले. उभं राहिल्यावर काहीच जाणवत नव्हतं. वासराचं नाक दिवसभर त्याच उंचीवर असतं, हे तेव्हा लक्षात आलं.

तर चीक कधी आणि किती पाजायचा? हगवणीत दूध चालू ठेवायचं का? आणि जागा बदलल्याने खरंच फरक पडतो का, की माझा तेवढाच भ्रम? व्यायच्या दोन गाईंपैकी एक पहिलारू आहे, म्हणजे पहिल्यांदाच विणार.

प्रतिसाद (फलटणहून)

ताई, जागेपासून सुरुवात करा. आमच्याकडे हाच त्रास होता. सगळी वासरं एकाच कोपऱ्यात वाढायची, म्हणजे आधीच्याची हगवण पुढच्याला वारशात. आता प्रत्येकाला सुटी जागा, गाईंच्या गोठ्याबाहेर, उन्हाच्या बाजूला. बांबू आणि जुने पत्रे पुरतात, शेड बांधायच्या नादाला लागू नका. खाली भुसा किंवा कोरडं पाचट. गुडघे टेकून बघायचं, कपड्याला ओल लागली की बदलायचं. एक वासरू निघालं की जागा खरवडून चुना मारून उन्हात मोकळी ठेवायची आणि मगच दुसरं आणायचं. पाजायची बादली प्रत्येकाची वेगळी. आजारी वासराला शेवटी पाजायचं, आधी नाही.

नाळेचंही बघा. जन्मल्या जन्मल्या टिंक्चर आयोडीनमध्ये बुडवायची, नुसता बोळा फिरवायचा नाही. हळद लावून भागतं असं म्हणणारे आमच्याकडेही आहेत.

प्रतिसाद (शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकलेला डॉक्टर)

ताई, मामांना सांगायचं कारण असं. माणसाच्या बाळाला आईच्या पोटातच रोगाशी लढायची थोडी शिदोरी मिळते. गाईची वार तशी नसते. वासरू त्या बाबतीत कोरंच जन्माला येतं, त्याला जे मिळायचं ते चिकातूनच. त्यातही आतडं ही शिदोरी जशीच्या तशी फक्त पहिला एक दिवस शोषून घेतं आणि तासागणिक ती ताकद घटत जाते. संध्याकाळी पाजलेला चीक पोट भरतो, पण संरक्षण फार थोडं देतो. म्हणून पहिल्या दोन तासांत २ लिटर आणि २४ तासांत वजनाच्या दहा टक्के, म्हणजे ३५ किलोच्या वासराला साडेतीन लिटर. तोही पहिल्या धारेचा, घट्ट. खरवसाला आळीत द्यायचा तो उरला तर.

वारेचं म्हणाल तर ती ८ ते १२ तासांत पडणं नेहमीचं आहे. वासरू सडाला लागलं की ज्या संप्रेरकाने पान्हा सुटतो, त्यानेच गर्भाशयही आकसतं. म्हणजे पाजल्याने वार पडायला मदतच होते, अडकत नाही.

दूध तोडू नका. हगवणीत वासरू मरतं ते अंगातलं पाणी आणि क्षार गेल्याने. त्यात दूध बंद केलं की वर उपासमार. नेहमीचंच दूध थोडं थोडं करून तीन-चार वेळा द्या आणि मधल्या वेळी जनावरांची इलेक्ट्रोलाइट पावडर कोमट पाण्यातून. ती दुधात मिसळू नका, दोन-तीन तासांचं अंतर ठेवा, कारण बऱ्याच पावडरींत सोडा असतो, त्याने दूध पोटात नीट विरजत नाही. घरी साखरेचं पाणी करू नका, लहान वासराला साखर पचत नाही, ग्लुकोज चालतं. मानेची कातडी चिमटीत धरून सोडा. लगेच सपाट झाली नाही किंवा वासरू उठेना, ओढेना, तर पाजत बसू नका. त्याला शिरेतून सलाइन लागतं.

आठवडा-दहा दिवसांच्या वयात रोटाव्हायरस आणि क्रिप्टोस्पोरिडियम (आतड्यातला सूक्ष्म परजीवी) ही कारणं वारंवार दिसतात. दोन्हींवर नेहमीची अँटिबायोटिक चालत नाहीत. इंजेक्शनला कधी गुण येतो, कधी नाही, त्यामागे हे असू शकतं. औषध बदलण्याआधी शेणाचा नमुना तपासून घ्या. क्रिप्टो फिनाईलला दाद देत नाही, त्याला कोरडेपणा आणि उकळतं पाणी लागतं, आणि तो माणसालाही होतो. घरात लहान पोरं असतील तर हात साबणाने धुतल्याशिवाय आत येऊ देऊ नका.

म्हैस व्याली की रेडकाचं वेगळं असतं. जंत आईच्या दुधातूनच येतात, पहिला डोस दहाव्या ते पंधराव्या दिवशी.

धागाकर्तीचा प्रतिसाद

दोघांचेही आभार. मामांना वाचून दाखवलं. वारेचं ऐकून 'बघू' म्हणाले, म्हणजे निम्मं काम झालं. जागा उद्याच बदलतोय. पण पहिलारूला चीक कमी आला तर?

प्रतिसाद (फलटणहून)

जुन्या गाईचा पहिल्या धारेचा चीक स्वच्छ बाटल्यांत भरून फ्रीजरमध्ये ठेवायचा, काही महिने टिकतो. पहिलारूच्या चिकात ताकद बहुधा कमीच असते, तेव्हा हा हाताशी असलेला बरा. लागेल तेव्हा बाटली कोमट पाण्यात उभी करायची, गॅसवर तापवायचा नाही. आणि वासरू ओढत नसेल तर तोंड वर धरून ओतू नका, फुफ्फुसात जातो. तेव्हा सरळ डॉक्टरांना फोन, ते नळीने पाजतात.