बाप्तिस्मा जबरीचा, मग 'ढोंगी' कोण?

पाणवठा:
"इन्क्विझिशनने यहुद्यांना हात लावला नाही, फक्त ढोंगी ख्रिश्चनांना शिक्षा केली," हे कालच्या पोस्टमधलं वाक्य वाचून राहवलं नाही. इन्क्विझिशन म्हणजे पाखंड शोधून शिक्षा करणारं चर्चचं न्यायालय; त्याचा अधिकार बाप्तिस्मा झालेल्यांवरच होता, हे खरं. पण बाप्तिस्मा झाला कसा? 1391 साली स्पेनमध्ये सेव्हिलपासून यहुद्यांविरुद्ध दंगली पेटल्या, तेव्हा मरण की बाप्तिस्मा एवढंच विचारलं गेलं. 1497 साली पोर्तुगालच्या मानुएल राजाने आधी मुलं हिसकावून बाटवली, मग देश सोडायला लिस्बनमध्ये जमलेल्यांना अडवून तेच केलं. मानेवर सुरी ठेवून होकार घ्यायचा आणि तो मोडला म्हणून जाळायचं, याला शिक्षा म्हणता?

दप्तरदार:
संताप रास्त आहे, पण कायदा तुम्ही गाळलात. 633 च्या स्पेनमधल्या तोलेदो धर्मसभेपासूनची चर्चची भूमिका अशी, की जबरदस्ती चूक, पण झालेला संस्कार पुसता येत नाही. 1201 मध्ये पोप इनोसंट तिसरा याने फोड केली: भीतीपोटी का होईना 'हो' म्हटलं तर बाप्तिस्मा पक्का; शेवटपर्यंत विरोध केला असेल तरच रद्द. व्हॅलेन्सियात बंडखोरांनी बाटवलेल्या मुसलमानांचे बाप्तिस्मे 1525 मध्ये वैध धरले, ते याच तर्काने. शिवाय कित्येक कॉन्व्हर्सो, म्हणजे बाटून ख्रिश्चन झालेले यहुदी आणि त्यांचे वंशज, मनापासून ख्रिश्चन होते, तेही लिहा.

पाणवठा:
मनापासून ख्रिश्चन होते त्यांना तरी कुठे सोडलं? 1449 साली तोलेदोने कॉन्व्हर्सोंना नगराच्या अधिकारपदांवरून हटवलं, ते रक्तावरून. पोपने धिक्कार केला, तरी रक्तशुद्धीचे नियम पुढे पसरतच गेले.

शेवंती:
तुम्ही दोघं पोप आणि राजांत अडकलात. खटले उभे राहायचे ते स्वयंपाकघरातून. शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत हरभरे, मांस, कांदा घालून अदाफिनाचं, म्हणजे यहुद्यांच्या शनिवारच्या रश्श्याचं, भांडं निखाऱ्यांवर ठेवायचं, झाकणावरही निखारे, कारण शनिवार यहुद्यांचा विश्रांतीचा दिवस, तेव्हा चूल पेटवायची नाही. मांसाची चरबी खरवडायची, मांडीची शीर काढायची, मीठ लावून रक्त धुवायचं. डुकराच्या चरबीऐवजी तेलात परतायचं. शनिवारी धुतलेलं कापड अंगात. मोलकरीण हे सगळं रोज बघायची आणि साक्ष तिचीच व्हायची.

दप्तरदार:
तेलात परतणं हा धर्म झाला का? आजीची सवय नातीला लागते. शिवाय या खुणांची यादी चर्चमध्ये मोठ्याने वाचली जायची. ऐकणाऱ्याला शेजारणीच्या घरात तेच दिसणार. काही कुटुंबं तर विसरलेले विधी त्या यादीतूनच पुन्हा शिकली. अशा पुराव्यावरून कोण छुपा यहुदी होता, हे आज छातीठोक सांगता येत नाही.

शेवंती:
मग एल्व्हिरा देल काम्पोचं काय करायचं? तोलेदो, 1568. आरोप दोनच: डुक्कर खात नाही, शनिवारी स्वच्छ कपडे घालते. पकडली तेव्हा गरोदर होती. दोऱ्या आवळताना ती पुन्हा पुन्हा विचारते, मी काय सांगायचं ते सांगा, तसं सांगते. लेखनिकाने शब्दन् शब्द उतरवून घेतलाय.

कोकणकडा:
आणि गोवा? तिथल्या इन्क्विझिशनच्या 1736 च्या फर्मानात मीठ न घालता भात शिजवायला बंदी, दारात तुळस लावायला बंदी. गोव्यातला पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता, त्याची हाडं मरणानंतर 12 वर्षांनी, 1580 मध्ये, उकरून जाळली! मराठीत यावर कोणी बोलत नाही, स्पेनवर मात्र धागे!

शेवंती:
दर धाग्यात हेच का? ओर्ता इथलाच विषय आहे, त्याचे आईबाप स्पेनमधून पोर्तुगालात आलेले यहुदी. पण भातावरचं फर्मान एल्व्हिराच्या 1568 च्या खटल्यानंतर 168 वर्षांनी आलेलं, ते हिंदू रीती पाळणाऱ्या गोव्यातल्या ख्रिश्चनांसाठी. दोन्ही एका पातेल्यात शिजवू नका.

कोकणकडा:
पातेलंच तर एक आहे! दोन्हीकडे चुलीवरूनच माणूस ओळखला.

शेवंती:
हे मान्य. फरमान वेगळं, नजर तीच.

दप्तरदार:
एल्व्हिराबद्दल माघार घेतो. जाळली नाही, पण मालमत्ता जप्त, सांबेनितो (बदनामीचा अंगरखा) आणि कैद झालीच. तरी तिने छळाखाली दिलेली कबुली यहुदी श्रद्धेचा पुरावा धरणार नाही.

पाणवठा:
धरूच नका. आरोपीला साक्षीदाराचं नाव सांगत नसत. त्याने आपल्या वैऱ्यांची यादी द्यायची आणि त्यात साक्षीदाराचं नाव निघालं, तर साक्ष बाद. घरच्याच माणसाने सांगितलं असेल, तर त्याचं नाव वैऱ्यांत कोण लिहील?