१०.९ ग्रेडचे स्टड: आटे रोल केलेले घ्यावेत की कापलेले?

प्रश्न
आमच्या पॉवर प्रेसवरील एम१२ × १.७५ चे (१२ मिलिमीटर व्यास, १.७५ मिलिमीटर पिच), १०.९ या उच्च ताकदीच्या ग्रेडचे स्टड (डोके नसलेले, आटे पाडलेले बोल्ट) नटाच्या तोंडाशी, आट्याच्या पहिल्याच फेऱ्यावर वारंवार तुटतात. एक पुरवठादार लेथवर कापलेल्या आट्यांचे स्टड देतो, दुसरा रोलिंगचे. दोघांच्या प्रमाणपत्रांवर ताणशक्ती जवळपास सारखीच आहे. मग रोलिंगसाठी जास्त पैसे मोजावेत का?

उत्तर १
होय, मोजावेत. स्टड एकदाच ओढून तोडण्याच्या चाचणीत दोहोंचे ताणक्षेत्र (ओढ सोसणारे आडव्या छेदाचे क्षेत्रफळ) ८४.३ चौरस मिलिमीटर इतकेच असल्याने फरक फारसा दिसत नाही. तुमचे स्टड मात्र फटीगने, म्हणजे वारंवार बदलणाऱ्या भाराने हळूहळू तडा वाढून, तुटत असावेत. आटे कापताना धातूची तंतुरचना छेदली जाते आणि टूलचे ओरखडे नेमके आट्याच्या तळाशी राहतात, जिथे ताण सर्वाधिक एकवटतो. रोलिंगमध्ये धातू काढला जात नाही, तर डाय (आट्याच्या आकाराचा कठीण साचा) तो दाबून तळाकडून माथ्याकडे सरकवतो. म्हणूनच मूळ सळई १२ नव्हे, तर सुमारे १०.८ मिलिमीटर व्यासाची घेतात. या दाबामुळे तळ गुळगुळीत व कठीण होतो आणि तिथे दाबाचा ताण शिल्लक राहतो, जो तडा उघडू देत नाही.

उत्तर २
वरील उत्तर बरोबर आहे, पण ऑर्डरमध्ये केवळ 'रोल केलेले' असे लिहून भागणार नाही. १०.९ ग्रेडसाठी क्वेंचिंग (तापवून झटकन थंड करणे) आणि किमान ४२५ अंश सेल्सिअसवर टेंपरिंग (ठिसूळपणा कमी करण्यासाठी पुन्हा तापवणे) करावे लागते, आणि रोलिंग त्याआधी झाले असेल, तर शिल्लक राहिलेला दाबाचा ताण भट्टीतच नाहीसा होतो. त्यामुळे 'हीट ट्रीटमेंटनंतर रोलिंग' असे स्पष्ट लिहावे. ३२ ते ३९ एचआरसी (रॉकवेल सी मोजपट्टी) कठीणतेच्या धातूवर डाय लवकर झिजतात, त्यामुळे दर वाढेल. तुमच्या कामासाठी मला तो रास्त वाटतो.

प्रश्नकर्ता
धन्यवाद. रोलिंग नंतर केले आहे, याची खात्री कशी करावी?

उत्तर २
एक नमुना उभा कापून, पॉलिश व एच करून (आम्लाने हलके कोरून) प्रयोगशाळेकडून तपासून घ्यावा. तंतू आट्याच्या वळणानुसार वळलेले दिसले, तर आटे रोल केलेले आहेत. त्याशिवाय मायक्रोहार्डनेस (अगदी छोट्या जागी मोजलेली कठीणता) गाभ्यापेक्षा तळाजवळ स्पष्टपणे जास्त आढळली, तर रोलिंग नंतरचे आहे. माथ्यावरची बारीक शिवण मर्यादेत चालते, तळाशी घडी दिसल्यास मात्र तो लॉट परत करावा.

उत्तर ३
नट किती टॉर्कने आवळता, हेही कळवावे. प्रीलोड (आवळल्यामुळे स्टडमध्ये आधीच आलेला ताण) कमी असेल, तर बदलत्या भाराचा मोठा हिस्सा स्टडवरच येतो आणि मग उत्तम रोल केलेला आटाही टिकत नाही.