नव्या बजेट कपड्यांच्या दुकानातून ३,००० रुपयांत काय घ्यावं? (सोलापूर)

पेठेतली_मी
नमस्कार मंडळी. आमच्या भागात स्वस्त फॅशनचं मोठं दुकान उघडलंय. बहुतेक माल ९९९ च्या आत. घ्यायचंय एवढंच: अकरावीतल्या मुलीला एक जीन्स आणि दोन टॉप, पाचवीतल्या मुलाला रोजचे तीन टी-शर्ट, मला ऑफिसला दोन कुर्ते. एकूण आठ नग, बजेट ३,००० रुपये, त्यावर एक रुपया नाही.

दोन अडचणी आधीच सांगते. नळाला रोज पाणी नसतं, त्यामुळे रंग जाणारा कपडा वेगळ्या बादलीत भिजवत बसणं जमत नाही. आणि उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो, तेव्हा अंगाला चिकटणारं काही नको. कपडा हातात घेतल्यावर नेमकं काय बघायचं?

शिलाईमामा
ताई, आधी कपडा उलटा करा. दर्शनी बाजू सगळ्यांचीच छान असते.

बगलेपासून खाली येणारी शिवण दोन्ही हातांनी आडवी ताणा. मधून उजेड दिसला किंवा टाके शिडीसारखे उघडले तर तो कपडा परत ठेवा. सुती कुर्त्याला, शर्टाला एका इंचात १० ते १२ टाके असावेत. ७-८ असतील तर वेळ वाचवायला टाका लांब मारलाय, आणि बगलेत ताण आला की तिथूनच उसवतं. आत नुसती ओव्हरलॉकची जाळी (कापडाची कड सुटू नये म्हणून मारलेली धाग्याची गुंफण) आहे की शेजारी सरळ टाक्याची दुसरी ओळ पण आहे, तेही बघा. कुर्त्याला आणि जीन्सला दोन्ही पाहिजेत. टी-शर्टला मात्र ओव्हरलॉक चालतं, कारण तो कपडा स्वतःच ताणतो.

तुलनेला दुसरं काही नको, घरातला शाळेचा गणवेश बघून जा. आपलं सोलापूर गणवेशाच्या शिलाईसाठी देशभर माहीत आहे. त्या पँटची आतली शिवण एकदा नीट बघितली की दुकानातली कच्ची शिवण लगेच ओळखता येते.

बटणाच्या मागे धाग्याचं शेपूट लोंबत असेल तर ओढू नका. साखळी टाका असतो, एक टोक ओढलं की पूर्ण बटण हातात येतं. घरी आल्यावर सुई-दोऱ्याने चार फेरे मारून गाठ द्या.

जुळे_सोलापूरकर
३,००० मध्ये आठ कपडे म्हणजे आठही कपडे सहा महिन्यांत पोतेऱ्याला. त्यापेक्षा १,८०० चा एक लिननचा कुर्ता घ्या. माझ्याकडे आहे, तीन उन्हाळे झाले, कॉलर अजून ताठ आहे. लिननला घाम लवकर सुकतो, आणि धुऊन धुऊन ते मऊच होत जातं.

हिशोबी_मावशी
अहो दादा, त्यांनी आठ नगांचं बजेट सांगितलंय. १,८०० एका कुर्त्यात गेले तर उरलेल्या १,२०० मध्ये सात कपडे कुठून आणायचे?

कडक_भाकरी
अक्का, रविवारी संध्याकाळी अजिबात जाऊ नका ओ. ट्रायल रूमला लाईन, ढिगात साईज सापडत नाही, आणि मागचा माणूस घाई करतोय म्हणून माणूस काहीपण उचलतो. मधल्या वारी सकाळी अकराला जावा की.

ट्रायल रूममध्ये नुसतं आरशापुढं उभं राहू नका. जीन्स घालून उकिडवं बसायचं. कंबरपट्टा मागून उघडा पडला तर बैठक (कंबरेपासून मांड्यांपर्यंतची उंची) कमी आहे, ती जीन्स पोरीला वर्गातल्या बाकावर त्रास देणार. टॉप घालून दोन्ही हात वर करायचे. बगलेत ओढत असेल तर मोठी साईज नको, दुसरा कट घ्या. मोठ्या साईजमध्ये खांदा उतरतो आणि बगल तशीच ओढत राहते.

जीन्स मात्र तिथं घेऊच नका. गुडघ्याला पोतं होतंय.

रंगारी_काका
रंगाबद्दल विचारलंत म्हणून सविस्तर लिहितो, कारण तुमची खरी अडचण तीच आहे.

पांढरा सुती हातरुमाल जरा ओला करून सोबत न्या. दुकानातल्या माणसाला विचारून, आतल्या पट्टीवर, जिथे डाग पडला तरी दिसणार नाही अशा जागी दहा वेळा घासा. रुमालाला फिकट छटा आली तर दोन-तीन धुण्यांत थांबेल. गडद पट्टा उमटला तर तो रंग धाग्याला धरलेलाच नाही, घेऊ नका. काळा, गडद लाल, नेव्ही ब्लू आणि मरून हे चार रंग न घासता घेऊच नका. स्वस्त मालात रंगवल्यावर जादा रंग काढून टाकायचं धुणं कमी केलेलं असतं. त्याला पाणी लागतं, वाफ लागते, वेळ लागतो. तो खर्च वाचवला की राहिलेला रंग तुमच्या बादलीत उतरतो.

दुकानातल्या दिव्याखाली रंग ठरवू नका. दाराशी नेऊन दिवसाच्या उजेडात बघा. आत राखाडी दिसणारा कपडा बाहेर हिरवट निघतो.

पाण्याची अडचण आहे तर फिकट जमिनीवरचं, म्हणजे मूळ कापडाचा रंग फिकट असलेलं प्रिंट घ्या. त्यात मोकळा रंग मुळातच कमी असतो.

तुळशीबाग_नको
यात एवढं काय? नवा कपडा रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवायचा, थोडी तुरटी टाकायची. रंग कायमचा पक्का. आमच्याकडे सगळे असंच करतात आणि कधी रंग गेलेला नाही.

रंगारी_काका
ताई, हा समज घरोघरी आहे, पण तो बरोबर नाही. सुती कपडा रिॲक्टिव्ह रंगाने (सुताशी रासायनिकरीत्या जोडला जाणारा रंग) रंगवताना मीठ घालतात, ते रंग पाण्यातून धाग्याकडे ढकलायला. तो धाग्याशी बांधला जातो सोड्याने, आणि हे सगळं रंगवतानाच होतं. शिवून दुकानात आलेल्या कपड्यावर नंतर मीठ टाकून काही बांधलं जात नाही. तुरटी लागते वनस्पतींच्या रंगांना, तीही सहसा रंगवण्याआधी. तुमच्या कपड्याचा रंग गेला नाही कारण तो आधीच पक्का होता.

करायचं एवढंच: पहिली दोन धुणी गार पाण्यात, कपडा उलटा करून, झटपट. भिजत ठेवू नका. भिजवल्यानं सुटलेला रंग त्याच कपड्याच्या फिकट भागावर बसतो.

तुळशीबाग_नको
आमच्या आईच्या साड्या चाळीस वर्षं टिकल्या, त्यापुढे मी दुसरं मानणार नाही.

चादरवाला
रंगाचंच बोलायचं तर सोलापुरी चादर घ्या. उशा-गाद्या बदलल्या पण चादरीचा रंग तसाच. आपल्या चादरीला आणि टॉवेललाही भौगोलिक मानांकन आहे. घेताना उलटी बाजू बघा. नक्षी विणलेली असेल तर मागच्या बाजूला तीच नक्षी उलट रंगात दिसते. छापील असेल तर मागे फिकट, धुरकट दिसते, ती आपली चादर नव्हे. बाहेरचा माल सोलापुरी म्हणून सर्रास विकतात, त्याची चीड येते.

पेठेतली_मी
काका, चादरीची माहिती उपयोगी आहे, पण सध्या कपडे घ्यायचेत. टी-शर्टबद्दल कोणी सांगेल का? मुलाचे टी-शर्ट दोन धुण्यांत पिळल्यासारखे होतात, बाजूची शिवण पोटावर येते.

शिलाईमामा
ते कापडातलं आहे, शिवणीतलं नाही. होजियरीच्या सुताला पीळ जास्त असला, किंवा कापड विश्रांती न देता ताणलेलं असतानाच कापलं, की पाणी लागल्यावर ते मूळ जागी फिरतं. दुकानात ओळखायचं असं: टी-शर्ट टेबलावर पसरा, दोन्ही बाजूंच्या शिवणी एकमेकींवर ठेवून मधोमध घडी घाला. खालचा काठ जुळला पाहिजे. बोटभर तिरका गेला तर धुतल्यावर आणखी फिरणार.

जाडी बघायला आत हात घाला. बोटांची पेरं स्पष्ट दिसली तर कापड फार पातळ, १४० जीएसएमच्या (एका चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन) खालचं असणार. रोजच्या वापराला १६० ते १८० बरं. गळ्याची पट्टी ताणून सोडा. लगेच मागे आली नाही तर महिन्याभरात गळा खांद्यावर येईल.

कडक_भाकरी
आणि लेबल वाचा. पॉलिस्टर चाळीस टक्के असेल तर मे महिन्यात पोरगं तो शर्ट काढून फेकेल. त्याच्यावर बोंदऱ्या, म्हणजे धाग्याचे बारीक गोळे पण येतात, काखेत आणि दप्तराचा पट्टा घासतो तिथं.

हिशोबी_मावशी
आता पैशाचं. ‘५० टक्के अधिक २० टक्के सूट’ म्हणजे ७० टक्के नव्हे. १,००० चे ५०० होतात, त्यावर २० टक्के गेले की ४००. म्हणजे ६० टक्के. ‘दोनावर एक मोफत’ मध्ये सगळ्यात स्वस्त नग मोफत धरतात, म्हणून तिन्ही एकाच किमतीचे घ्या. ठरावीक खरेदीवर मिळणारं कूपन पुढच्या वेळी पुन्हा किमान खरेदी करायला लावतं, ते तुमच्या ३,००० मध्ये धरू नका.

२२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या कपड्यावर ५ टक्के जीएसटी आहे. एमआरपीत सगळे कर आलेले असतात, तेव्हा एमआरपीवर वेगळा कर लावला तर द्यायचा नाही.

बिलाच्या वेळी मोबाईल नंबर सक्तीचा नाही. बदलून देण्याची मुदत पैसे देण्याआधी विचारा, लेबल तोडू नका. सदोष माल परत घ्यायला नकार देणं ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित प्रथा आहे. बिलावर मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवस धरतात. साईज आवडली नाही हा दोष नव्हे, तिथे दुकानाचे नियम चालतात. तक्रारीला राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन १९१५. बिलाचा लगेच फोटो काढा, त्यावरची छपाई उन्हात उडून जाते आणि आपल्याकडे ऊन किती ते सांगायला नको.

भाग्यनगर_एक्सप्रेस
पांढरा रुमाल ओला करून घासून बघा. कोणी सांगितलं नसेल म्हणून सांगतो. आणि रेयॉनचे कुर्ते घेऊ नका, आखडतात.

जुळे_सोलापूरकर
रेयॉन नकोच. ओलं झालं की त्याची ताकद जवळपास निम्मी होते. पिळलं की शिवणीजवळ सरकतं.

शिलाईमामा
मीही रेयॉन नाहीच म्हणेन. ताई, चाटी गल्लीतून सुती कापड घ्या आणि शिवून घ्या.

हिशोबी_मावशी
शिलाईचे पैसे त्यात धरलेत का? कापड आणि शिलाई मिळून एका कुर्त्याला त्यांचं अर्धं बजेट जाईल.

पेठेतली_मी
सगळ्यांचे आभार. खरेदी झाली, रविवारीच गेले, कारण मुलीचा क्लास इतर दिवशी सुटत नाही.

दोन रेयॉनचे कुर्ते ९९८, एक जीन्स ७९९, दोन टॉप ५९८, तीन टी-शर्ट ५९७. एकूण २,९९२.

रेयॉनला तुम्ही सगळ्यांनी नको म्हटलंत, तरी घेतलं. सुती कुर्त्याला रोज इस्त्री लागते, सकाळी मला तेवढा वेळ नाही, आणि रेयॉन अंगाला गार राहतं. ४६ इंच लांबी घेतली, दीड-दोन इंच आखडलं तरी गुडघ्याखालीच राहील. दोन्ही फिकट जमिनीवरचे प्रिंट आहेत, रुमालाला काही लागलं नाही. जीन्स उकिडवं बसवून बघितली, खिशाच्या कोपऱ्यांना दाट टाके आहेत. टी-शर्ट घडी घालून बघितले, सातातले चार परत ठेवले. काळा टॉप मुलीला फार आवडला होता, पण रुमाल काळा झाला, तो नाही घेतला.

रंगारी_काका
काळा सोडलात ते उत्तम केलंत. रेयॉन घेतलंच आहे तर पिळू नका. टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा आणि दोरीवर खांद्याने न टांगता मधोमध घडी घालून टाका. ओल्या रेयॉनच्या वजनानं खांदे लांबतात. बोअरचं पाणी वापरत असाल तर शेवटच्या पाण्यात पाव वाटी पांढरं व्हिनेगर घाला, जड पाण्यामुळे साबणाचा पांढरट थर बसतो तो निघतो.

तुळशीबाग_नको
आणि चिमूटभर मीठ.

चादरवाला
टॉवेल कुठला आहे, ते सांगा.