मदत हवी आहे : व्हर्च्युअल मशीनमधल्या विंडोज ७ पर्यंत इंदूरहून रिमोट असिस्टन्स पोहोचत नाही

नमस्कार,

मी इंदूरला राहतो आणि माझे काका ग्वाल्हेरला लष्कर भागात राहतात. गुरूंकडून मिळालेल्या बंदिशी त्यांनी अनेक वर्षे खपून भातखंडे स्वरलिपीत संगणकावर उतरवल्या आहेत. त्यासाठी वापरलेली जुनी अक्षरजुळणीची प्रणाली विंडोज १० वर चालत नाही, आणि मजकूर युनिकोडमध्ये नेला की कोमल स्वराखालची आडवी रेघ, मंद्र सप्तकाचा बिंदू, तीव्र मध्यमावरची उभी रेघ अशा खुणा विस्कटतात. म्हणून दिवाळीत तिकडे गेलो असताना मी त्यांच्या विंडोज १० च्या संगणकावर व्हर्च्युअलबॉक्स (संगणकाच्या आत दुसरा संगणक, म्हणजे व्हर्च्युअल मशीन, चालवणारी प्रणाली) बसवून त्यात विंडोज ७ चालू करून दिले. काम उत्तम चालते. पण छपाईचे पान सरकले की काकांचा फोन येतो आणि पडद्यावर काय दिसते हे विचारण्यातच आमचा तास जातो.

काका विंडोज ७ मधून रिमोट असिस्टन्सची (दुरून दुसऱ्याचा पडदा पाहून मदत करण्याची विंडोजमधली सोय) आमंत्रण-फाईल तयार करून मला ईमेलने पाठवतात. ती उघडून मी पासवर्ड घालतो, आणि थोड्या वेळाने जोडणी होऊ शकली नाही असा संदेश येतो. दोन्हीकडच्या फायरवॉलमध्ये रिमोट असिस्टन्सला परवानगी आहे आणि राउटरवर ३३८९ हे पोर्टही (जोडणी आत येण्याचा क्रमांकित मार्ग) मी उघडून ठेवले आहे. व्हर्च्युअल मशीनचे नेटवर्क 'नॅट' प्रकारचे (मशीन व्हर्च्युअलबॉक्सच्या आतल्या वेगळ्या नेटवर्कात) असून तिथे १०.०.२.१५ हा पत्ता दिसतो. दिवाळीत त्याच घरातल्या वायफायवरून माझ्या लॅपटॉपने प्रयत्न केला, तेव्हा 'नॅट' असताना जोडणी झाली नाही, 'ब्रिज्ड' (मशीन थेट घरच्या नेटवर्कात) केल्यावर मात्र लगेच झाली. इंदूरहून 'ब्रिज्ड' असतानाही होत नाही. राउटरच्या पानावर बाहेरचा पत्ता १००.७२ ने सुरू होतो, पण आपला आयपी सांगणाऱ्या संकेतस्थळावर दुसराच दिसतो.

दोष फायरवॉलचा समजावा की इंटरनेट जोडणीचा? काकांचे वय पाहता त्यांच्याकडून फार काही करून घ्यावे लागणार नाही असा मार्ग जाणकारांनी सुचवावा, ही विनंती.

प्रतिसाद

आपण घरात केलेल्या चाचणीतच निम्मे उत्तर आहे. 'ब्रिज्ड' असताना जोडणी झाली, म्हणजे विंडोज ७ ची फायरवॉल अडवत नाही. १०.०.२.१५ हा पत्ता व्हर्च्युअलबॉक्सने आपल्या आतल्या नेटवर्कापुरता दिलेला असतो, त्यामुळे त्याच घरातल्या दुसऱ्या संगणकालाही तो सापडत नाही. राहिला बाहेरचा अडथळा. १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचे पत्ते इंटरनेट पुरवठादारांच्या अंतर्गत वापरासाठी २०१२ साली राखून ठेवले गेले. अनेक ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता दिलेला असतो, त्यामुळे बाहेरून आलेली जोडणी आपल्या राउटरपर्यंत पोहोचतच नाही आणि तिथे उघडलेल्या पोर्टाचा काही उपयोग होत नाही.

३३८९ हे पोर्ट मुळात रिमोट डेस्कटॉप या वेगळ्या सोयीचे आहे. विंडोज व्हिस्टापासून पुढे रिमोट असिस्टन्स ४९१५२ ते ६५५३५ यांमधले कोणतेही पोर्ट घेते. तेव्हा राउटरवरचा तो नियम आजच काढून टाका. उद्या पुरवठादाराने सार्वजनिक पत्ता दिला तर तो उघडा दरवाजा ठरेल.

माझे स्पष्ट मत असे की विंडोज ७ पर्यंत इंटरनेटवरून वाट काढूच नये. त्याला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा आधार १४ जानेवारी २०२० रोजी संपला आहे. त्यापेक्षा विंडोज १० वर क्विक असिस्ट ही मायक्रोसॉफ्टची दुरून मदतीची सोय वापरा. त्यात दोन्ही संगणक आपणहून ४४३ पोर्टावरून बाहेर जातात, त्यामुळे राउटरला हात लावावा लागत नाही. मायक्रोसॉफ्ट खात्याने प्रवेश तुम्ही करायचा; काकांनी तुम्ही फोनवर सांगितलेला संकेतांक टाकून परवानगी द्यायची. त्यांच्या पडद्यावर व्हर्च्युअल मशीनची खिडकी उघडी असली की ती तुम्हालाही दिसेल. आत माऊस सैरावैरा पळू लागला, तर मशीन पूर्ण बंद करून सेटिंगमध्ये पॉइंटिंग डिव्हाइस म्हणून 'यूएसबी टॅब्लेट' निवडा आणि गेस्ट अॅडिशन्स (मशीनच्या आत बसवायचे व्हर्च्युअलबॉक्सचे पूरक प्रोग्राम) बसवलेले आहेत ना, ते पाहा.

धागालेखकाचा प्रतिसाद

मनापासून आभार. राउटरवरचा नियम काढला, 'ब्रिज्ड'चे पुन्हा 'नॅट' केले आणि काल रात्री क्विक असिस्टने जोडणी झाली. माऊस खरोखरच पळत होता. 'यूएसबी टॅब्लेट' निवडल्यावर स्थिर झाला. यमनच्या एका बंदिशीचे सरकलेले समास मी इथून नीट केले आणि काकांनी लगेच पान छापून पाहिले. फसवणुकीच्या फोनांबद्दल ऐकून असल्याने त्यांनी एक अट घातली आहे, आणि ती मला पूर्ण मान्य आहे : फोन तेच लावतील, आणि माझा आवाज ओळखल्यावरच संकेतांक टाकतील.