नावात नदी आहे, पण पाणी गुडघाभर

फ्लोरिडाच्या इंडियन रिव्हरमधून दोघांनीच छोट्या बोटीने जायला कितपत अनुभव लागतो, असं वर विचारलंय. आम्ही मार्चमध्ये भाड्याच्या २१ फुटी बोटीने व्हीरो बीच ते स्टुअर्ट गेलो, मुक्काम फोर्ट पिअर्सला. अनुभव थोडा पुरतो, पण पाण्यात मार्ग दाखवणाऱ्या खांबांवरून नजर हलवायची नाही.

ती नदी नाहीच मुळी. सुमारे २५० किलोमीटर लांब खाजण आहे, म्हणजे किनाऱ्यालगतचं उथळ खारं पाणी, सरासरी खोली जेमतेम ४ फूट. गाळ उपसून ठेवलेला खोल मार्ग मधून जातो. कडेच्या खांबांवर पाट्या असतात; दक्षिणेकडे जाताना पाटीवरचा पिवळा त्रिकोण उजव्या हाताला ठेवायचा, पिवळा चौकोन डाव्या. सोपं आहे. फक्त आमच्या एका पाटीवर पेलिकन पंख पसरून बसला होता, आणि मी अंदाजाने वळलो. रुतलो.

मी रिव्हर्स मारणार, तेवढ्यात बायको (माहेर मालवण) ओरडली, "इंजिन वर घे आधी!" पंख्याने तळाचं समुद्री गवत उपटलं जातं, मॅनेटी (समुद्रगायी) तेच खातात. मग ती स्वतःच उतरली आणि वाळूत पाय घासत चालू लागली. का, तर पाकट (शेपटीला विषारी काटा असलेला चपटा मासा) असली तर आधीच पळते. दोन ढकलण्यात बोट सुटली. त्यानंतर सुकाणू तिच्याकडेच राहिलं.

आणखी एक: १ जानेवारी १९८८ ला किंवा नंतर जन्म असेल, तर १० हॉर्सपॉवर आणि वरच्या बोटीसाठी सुरक्षा-प्रशिक्षणाचं ओळखपत्र लागतं. आमच्यात ते फक्त तिला लागलं. मी जुना माणूस!