मदत हवी आहे: मोठ्या शिकारीला हँडगनच्या कुठल्या गोळ्या घेऊ?

उनाड_पोपट
मंडळी पटकन सांगा. ४४ मॅग्नम रिव्हॉल्व्हर आहे, पुढच्या वीकेंडला शिकारीला जायचंय आणि गोळ्यांचं अजून काही ठरत नाहीये. २४० ग्रेन (म्हणजे गोळीचं वजन) होलो पॉइंट (टोकाला खळगा असलेली) घेऊ, सॉफ्ट पॉइंट (मऊ टोकाची) घेऊ की ती ३०० ग्रेनची जड हार्डकास्ट (कडक, न फुलणारी)? युट्यूबवर एक जण म्हणतो गोळी आत जाऊन फुललीच पाहिजे, दुसरा म्हणतो फुलली की तिथेच अडकते, खोल जात नाही, ऐकून ऐकून डोकं फिरलंय. बजेटचा इश्यू नाही. आणि प्लीज रायफल घ्या म्हणून सांगू नका, हँडगननेच करायचंय, ते फायनल आहे.

बंड्या_सदाशिव
रायफल घ्या.

टेक्सासचा_तात्या
पोपटराव, डोळे झाकून ३०० ग्रेन हार्डकास्ट घ्या, चपट्या नाकाची. आमच्याकडे इतकी वर्षं हेच चालतं. मोठ्या नर डुकराच्या खांद्यावर कातडीखाली कुर्च्यासारखा जाड थर असतो, त्याला इथे शील्ड म्हणतात, होलो पॉइंट कधीकधी त्यातच फुलून बसते आणि डुक्कर जातं झुडपात. हार्डकास्ट फुलत नाही पण सरळ पार जाते, दोन भोकं पडतात, रक्ताचा माग मिळतो. लोकं बॉक्सवरचे फूटपाउंड, म्हणजे गोळीची ताकद, वाचत बसतात, माझ्या मते गोळी किती खोल जाते तेवढं बघावं, बाकी सगळं सेल्समनचं.

काडतूस_१०
तात्या २०२६ मध्ये पण रिव्हॉल्व्हर? १० एमएमचं पिस्तूल घ्या ना सरळ. ग्लॉक २० मध्ये पंधरा गोळ्या बसतात, रिकॉइल (मागे बसणारा धक्का) निम्मा, दुसरा शॉट लगेच मारता येतो. मी तर आता दुसरं काही नेतच नाही.

टेक्सासचा_तात्या
त्याच्याकडे ४४ आहे असं पहिल्याच ओळीत लिहिलंय. आणि १० एमएमची १८० ग्रेन गोळी भरभक्कम लोड केली तरी साडेसहाशे-सातशे फूटपाउंड देते, ४४ ची २४० ग्रेन साडेतेराशे फूट सेकंदाने सुटली तर साडेनऊशेच्या वर जाते. पंधरा गोळ्या लागत असतील तर आधी नेम शिकून घ्या.

काडतूस_१०
आत्ताच म्हणालात ना फूटपाउंड सगळं सेल्समनचं?

अबोली_स
उनाड_पोपट, मोठी शिकार म्हणजे नक्की काय? हरीण, डुक्कर, अस्वल, एल्क? नळी किती इंचाची? किती यार्डावरून मारणार? आणि सगळ्यात महत्त्वाचं, स्टेट कुठलं? यातलं एकही न सांगता गोळी कोण कशी सांगणार.

उनाड_पोपट
डुक्कर. रुगर सुपर रेडहॉक, साडेसात इंच. अंतर काय ते तिथे गेल्यावर दिसेलच ना. स्टेटने काय फरक पडतो, डुक्कर सगळीकडे डुक्करच.

नवखा_एच१बी
सॉरी मध्येच विचारतोय. मी अमेरिकेत एच१बी व्हिसावर आहे, मलापण शिकारीची आवड आहे, मी बंदूक घेऊ शकतो का? ऑफिसमधले म्हणतात अजिबात नाही.

शाकाहारी_सुदामा
एका निष्पाप जिवाला कुठली गोळी जास्त चांगली मारेल यावर इतकी चर्चा. सातासमुद्रापार जाऊन हेच करायचं होतं का? आपल्याकडे वराहावतार आहे हे तरी लक्षात ठेवा.

बंड्या_सदाशिव
सुदामाजी, तुम्ही धागा उघडलात तेव्हा शीर्षक वाचलं होतं ना?

नागपुरी_तडका
भाऊ गोळीचं राहू दे, मटणाचं काय करणार ते सांग. रानडुकराले सावजी मसाला लय भारी लागते, फक्त शिजवाले घाई करू नको.

अबोली_स
@नवखा, ऑफिसमधले अर्धं बरोबर सांगतायत. नॉनइमिग्रंट व्हिसावर असलेल्याला फेडरल कायद्याने बंदूकच काय गोळ्यासुद्धा बाळगायला बंदी आहे, पण त्याला काही अपवाद आहेत आणि त्यातला एक म्हणजे वैध हंटिंग लायसन्स. लायसन्सची मुदत संपली की तो अपवादही संपला. त्यावर तुमच्या स्टेटचे नियम वेगळे. इथे कुणी हो म्हणालं म्हणून दुकानात जाऊ नका, इमिग्रेशनच्या वकिलाला एकदा विचारा, ग्रीन कार्डाच्या रांगेत असताना असला घोळ परवडत नाही.

@उनाड_पोपट, स्टेट?

उनाड_पोपट
ग्रीन कार्ड आहे, लायसन्स आहे, हंटर एज्युकेशनचा कोर्स झालाय. सॅन होजेला राहतो, रँच माँटेरे काउंटीत आहे, प्रायव्हेट जागा, गाइड सोबत. आता सांगा कोणीतरी, ३०० ग्रेन हार्डकास्टच फायनल करू ना? कार्टमध्ये टाकलीये.

अबोली_स
अरे देवा. कार्ट रिकामी कर आधी.

कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून कुठल्याही शिकारीला शिशाची गोळी चालत नाही. डुक्कर, ससा, कबुतर काहीही असो, प्रायव्हेट रँच असो नाहीतर सरकारी जमीन. हार्डकास्ट म्हणजे शिसंच. दुसरं, इथल्या नियमात डुक्कर, हरीण आणि अस्वलाला पिस्तूल-रिव्हॉल्व्हरने मारायचं तर सेंटरफायर (बुडाच्या मधोमध ठोका बसून पेटणारं) काडतूस आणि सॉफ्टनोज किंवा फुलणारी गोळी लागते, म्हणजे न फुलणारी हार्डकास्ट तशीही बाद. तात्यांचा सल्ला टेक्सासात ठीक असेल, इथे गेम वॉर्डनने बॉक्स बघितला की शिकार बाजूला आणि दंडाची पावती हातात. आणि ऑनलाइन मागवलेल्या गोळ्या इथे घरपोच येत नाहीत, लायसन्सवाल्या दुकानात मागवून स्वतः जाऊन घ्याव्या लागतात, म्हणजे पुढच्या वीकेंडचं गणित आजच बघ.

टेक्सासचा_तात्या
हे असलं काहीतरी फक्त कॅलिफोर्नियातच होऊ शकतं. आमच्याकडे २०१९ पासून खाजगी जमिनीवर मालकाची परवानगी असली की डुकराला हंटिंग लायसन्सदेखील लागत नाही. पक्ष्यांच्या नावाखाली सरकारी नाटकं.

गिधाडमित्र
तात्या, नाटक नाहीये. १९८२ मध्ये जगात अवघे २२ कॅलिफोर्निया काँडोर (तिथली मोठी गिधाडं) उरले होते. मारलेल्या जनावराची आतडी शिकारी तिथेच टाकून जातात, त्यात शिशाचे बारीक कण असतात, काँडोर ते खातात आणि विषबाधेने मरतात. म्हणून काँडोरच्या टापूत २००८ पासूनच शिसं बंद झालं, राज्यभराचा कायदा २०१३ चा, तो टप्प्याटप्प्याने लागू झाला. माँटेरे तर त्यांचंच आकाश आहे, बिग सुरला रस्त्यावरून दिसतात. आपल्याकडे गुरांना देतात त्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाने गिधाडं साफ झाली, २००६ ला बंदी आली तोवर फार उशीर झाला होता. लहानपणी गावाबाहेर ढोर पडलं की पन्नास-साठ गिधाडं उतरायची, आता मुलांना फोटो दाखवतो.

काडतूस_१०
१० एमएममध्ये पण तांब्याच्या गोळ्या मिळतात, १५५ ग्रेन. सहज सांगितलं.

कोकणी_खवचट
आमच्याकडे भातात डुकरं घुसतात त्याचं काय ते सांगा की राव कुणीतरी. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने हात बांधलेले, परवानगीला अर्ज करा, पंचनामा करा, तोवर शेत नांगरून मोकळी. तुम्ही तिकडे पैसे भरून डुकरं मारताय आणि आम्ही रात्रभर पत्र्याचे डबे वाजवतोय.

बंड्या_सदाशिव
तिकडची डुकरंही मूळची तिकडची नाहीत. स्पॅनिश लोकांची पाळीव डुकरं रानात सुटलेली होतीच, १९२० च्या दशकात माँटेरेतल्याच एका धनाढ्य जमीनदाराने शिकारीच्या हौसेपायी युरोपातली रानडुकरं आणून सोडली, दोन्हींचा संकर झाला. हौस एकाची, निस्तरतंय अख्खं राज्य.

उनाड_पोपट
इतिहास नंतर. मग घेऊ काय??

अबोली_स
पूर्ण तांब्याची होलो पॉइंट. ४४ मॅग्नममध्ये बार्न्सची २२५ ग्रेन एक्सपीबी मिळते, मी तीच वापरते. २४० किंवा ३०० ग्रेनच्या मागे लागू नकोस. तांबं शिशापेक्षा हलकं, म्हणून तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते आणि काडतुसात पावडरची जागा खाते, म्हणून ती २००-२२५ च्या आसपासच बनवतात. तुझा फुलणार की घुसणार हा वादही इथे बऱ्यापैकी मिटतो, कारण नाकाच्या पाकळ्या उलगडतात पण गोळीचे तुकडे होत नाहीत, जवळपास सगळं वजन शाबूत राहून ती आत जात राहते. फक्त वेग पाहिजे, वेग पडला तर पाकळ्या नीट उघडत नाहीत. तुझ्या साडेसात इंची नळीला तो प्रश्न नाही, पण म्हणूनच लांबून मारायचं नाही.

घेण्याआधी फिश अँड वाइल्डलाइफ खात्याच्या वेबसाइटवर शिसंमुक्त गोळ्यांची यादी आहे त्यात तुझा लोड बघून घे. डुकराचं व्हॅलिडेशन (डुकराच्या शिकारीची परवानगी) लायसन्सवर चढवलंयस ना? २०२४ पासून एकेका डुकराचा टॅग गेला, आता व्हॅलिडेशन लागतं.

टेक्सासचा_तात्या
बरं, शिसं नाही तर नाही, पण एक ऐका. वेगळ्या वजनाची गोळी वेगळ्या जागी लागते. रिव्हॉल्व्हरमध्ये हलकी गोळी बहुतेक वेळा खाली लागते, कारण रिकॉइलने नळी वर उचलायच्या आत ती बाहेर पडलेली असते. २४० ग्रेनने साइट (नेम धरायची खूण) लावली असेल आणि रँचवर जाऊन २२५ ची तांब्याची भरलीत तर पोटात माराल. रेंजवर सरावाला स्वस्तातली शिशाची चालेल, हात बसायला ४४ स्पेशलही चालेल, ती ४४ मॅग्नमच्या गनमध्ये बसते, उलटं होत नाही. पण साइट शेवटी शिकारीच्याच गोळीने लावायची. कागदाची सहा इंची प्लेट लावा, ज्या अंतरावरून सगळ्या गोळ्या प्लेटमध्ये बसतात तेच तुमचं अंतर. पन्नास यार्ड झालं तरी खूप झालं, न जमल्यास पंचवीस. तिथे गेल्यावर दिसेल वगैरे चालत नाही.

अबोली_स
याला शंभर टक्के अनुमोदन. आणि डुकराचं काळीज हरणापेक्षा पुढे आणि खाली असतं. हरणाच्या सवयीने खांद्याच्या मागे मधोमध मारलंस तर बऱ्याचदा आतडी लागतात. पुढचा पाय जिथून निघतो त्याच्या रेषेत, अंगाच्या खालच्या एक तृतीयांश भागात नेम धर. आडवं उभं राहीपर्यंत थांब.

उनाड_पोपट
हां हे कामाचं बोललात दोघं. दुकानात फोन केला, २२५ ची आहे त्यांच्याकडे, तीन बॉक्स ठेवायला सांगितल्या, रविवारी रेंजला जातो. यावर स्कोप (दुर्बीण) लावावा का? रेड डॉट (लाल ठिपक्याची साइट) बरा?

काडतूस_१०
ग्लॉकवर रेड डॉट मस्त बसतो.

टेक्सासचा_तात्या
सुपर रेडहॉकच्या फ्रेमवर स्कोपच्या रिंगांना खाचा दिलेल्याच असतात. पण सात दिवसांवर शिकार आली असताना नवीन काही लावू नका, हिच्यावर जी साइट आहे तिनेच मारा. आणि कानाला डबल, आत बोळे आणि वर मफ. ४४ चा आवाज दीडशे डेसिबलच्या पुष्कळ वर जातो, एका शॉटने कान कायमचा वाजायला लागू शकतो. इलेक्ट्रॉनिक मफ घेतलेत तर गाइडची कुजबुजही ऐकू येते.

नागपुरी_तडका
भाऊ आता माया ऐक. फाडताना हातमोजे घालजो, रानडुकरात ब्रुसेलोसिस नावाचा रोग रायते, हाताले खरचटलं असन तर लागू शकते. अन् शिजवताना आतपर्यंत ७१ डिग्री सेल्सियस झालंच पायजे, नाईतर ट्रिकिनाचे किडे. थर्मामीटर नसन तर सावजीच कर, तर्रीत दोन घंटे उकळल्यावर कोण जिवंत रायते?

नवखा_एच१बी
धन्यवाद अबोलीताई. हंटर एज्युकेशनचा कोर्स एच१बीवाल्याला करता येतो का? म्हणजे फक्त कोर्स, बंदूक नाही.

अबोली_स
कोर्सला व्हिसा आड येत नाही. पण ज्या कोर्समध्ये प्रत्यक्ष गोळीबार आहे तिथे जायच्या आधी वकिलाला विचार, बंदूक हातात घेणंसुद्धा बाळगण्यात मोजू शकतात.

काडतूस_१०
एक सांगायचं राहिलं, १० एमएममध्ये रिकॉइल कमी असल्यामुळे

उनाड_पोपट
भाऊ, १० एमएमसाठी वेगळा धागा काढा.

काडतूस_१०
काढलाय. लिंक देऊ?