गेटवरची शेकोटी

ए-१०२: नमस्कार. आज परत पहाटेपासून घरभर धूर. ह्यांना दम्याचा पंप घ्यावा लागला. गेटवरच्या शेकोटीचं काहीतरी करा, हात जोडून विनंती.

सेक्रेटरी: काकू, काकांना जपा. पण खरा त्रास समोरच्या बांधकामाच्या धुळीचा आहे. वॉर्ड ऑफिसला पुन्हा अर्ज दिलाय. शेकोटी ती केवढीशी!

सी-७०१: आणि वॉचमनकाकांनी रात्रभर कुडकुडायचं का? केबिनला धड दारसुद्धा नाही.

बी-६०३: काकू, काकांना आता बरं वाटतंय ना? मी घरीच आहे, काही लागलं तर लगेच कळवा.

सेक्रेटरीसाहेब, केवढीशी म्हणून सोडून देऊ नका. आयआयटी मुंबईच्या प्रा. चंद्रा वेंकटरामन यांनी अनेक वर्षं अशाच छोट्या छोट्या आगींचा हिशेब मांडलाय. लाकूड, गोवऱ्या, शेतातलं काड जाळल्यावर किती आणि कसले कण बाहेर पडतात, हे त्यांच्या गटाने प्रत्यक्ष मोजलं. २००५ साली ‘सायन्स’ या संशोधन नियतकालिकात त्यांचा निबंध आला. भारतातून हवेत जाणाऱ्या काजळीचा सगळ्यात मोठा वाटा स्वयंपाकाच्या चुलींचा आहे, असं त्यात निघालं. तोवर बऱ्याच जणांचं बोट गाड्या आणि कारखान्यांकडे असायचं. पुढे २०१८ च्या एका अहवालासाठी कुठून किती कण निघतात याचा हिशेबही त्यांच्याच गटाने केला. पीएम २.५ मुळे, म्हणजे बाहेरच्या हवेतल्या अतिबारीक कणांमुळे, २०१५ या एका वर्षात देशात जे मृत्यू झाले, त्यांतले सुमारे २ लाख ६७ हजार घरातल्या लाकूडफाट्याच्या धुराशी जोडलेले होते. म्हणजे जवळपास चौथा हिस्सा. हे वाचल्यापासून मला कुठलीच आग किरकोळ वाटत नाही.

ए-१०२: बाई गं! आमच्या आईने तर जन्मभर चूलच फुंकली.

सेक्रेटरी: ताई, आकडे मान्य. पण मग समोरची धूळ काय निरुपद्रवी आहे?

बी-६०३: अजिबात नाही, तो अर्ज सोडू नका. पण दोन्हींत फरक आहे. बांधकामाच्या धुळीतले बरेचसे कण जाड असतात. ते नाकाघशात अडकतात किंवा काही तासांत खाली बसतात, म्हणून तर आपल्या ग्रिलवर रोज थर दिसतो. धुराचे कण बहुतेक १ मायक्रॉनपेक्षाही बारीक. आपला केस साधारण ५० ते ७० मायक्रॉन जाड असतो, त्यावरून अंदाज करा. हे कण थेट फुप्फुसाच्या तळापर्यंत उतरतात आणि पाऊस नसेल तर आठवडाभर हवेत तरंगत राहतात.

त्यात थंडी. रात्री जमीन गार होते, तिच्यालगतची हवा गार आणि जड होते आणि वर उबदार हवेचं झाकण बसतं. धुराला वर जायला वाटच नसते. तो पहिल्या मजल्याच्या खिडकीशी रेंगाळतो, म्हणजे बरोबर काकूंच्या घरात.

सी-७०१: बागेतला पाला पण तिथेच जाळतात. ओला असला की पांढरा धूर नुसता लोटतो.

बी-६०३: तो तर जास्तच वाईट. ओला पाला पेटत नाही, धुमसतो, आणि धुमसताना अर्धवट जळलेले सेंद्रिय कण भरमसाट निघतात. शिवाय आज सकाळी मी मुद्दाम राखेपाशी जाऊन पाहिलं. वितळलेल्या दुधाच्या पिशव्या, चहाचे कागदी कप आणि सनमायका लावलेले प्लायवूडचे तुकडे. ते तुकडे सी विंगमध्ये फर्निचरचं काम चालू आहे तिथले. प्लायमधला डिंक आणि प्लास्टिक जळून विषारी वायू निघतात आणि ते सगळ्यात आधी शेकत बसलेल्या माणसाच्या छातीत जातात. वॉचमनकाका हल्ली किती खोकतात, कुणाच्या लक्षात आलंय का?

सी-७०१: फर्निचर आमच्याकडेच चालू आहे. मिस्त्रींना आजच सांगतो, तुकडे टेम्पोतून परत न्या म्हणून.

बी-६०३: धन्यवाद दादा. माझं म्हणणं एवढंच की नुसती बंदी घालू नका. उघड्यावर कचरा जाळायला कायद्याने मनाई आहेच, पण थंडी काही कायद्याने जात नाही. केबिनला दार, तेलाचा हीटर, दोन्ही वॉचमनना चांगली जाकिटं आणि पाणी तापवायला किटली. पाला खतासाठी मागच्या खड्ड्यात टाकू, माळीकाकांशी मी बोलते.

ए-१०२: जाकिटं आमच्याकडून. यांनीच सांगितलंय.

सेक्रेटरी: हीटर आणि किटली मेंटेनन्स फंडातून घेऊ, रविवारच्या मीटिंगमध्ये मंजूर करून टाकू. केबिनचं वायरिंग जुनं आहे, हीटरचा लोड घेईल का ते आधी इलेक्ट्रिशियनला दाखवतो. दाराचं काय?

सी-७०१: मिस्त्री आमच्याकडे गुरुवारपर्यंत आहेत. माप उद्या घ्यायला लावतो.

सेक्रेटरी: उद्या सकाळी दहाला मी गेटवर येतो. तोवर आज रात्रीपुरता क्लबहाऊसमधला हीटर काढून देतो.